मोड

बारा-पंधरा वर्षांपूर्वींची गोष्ट. तुळजापुराच्या वाटेवर एका गाडींत आम्ही आमच्या एका स्नेह्यांसह बसलों होतों. वार मंगळवार, म्हणजे देवीचा. तेव्हां गाडींत पाय ठेवावयासहि जागा नव्हती. मधल्या एका फांट्यावर एक म्हातारी चढली. कांखेंत गांठोडें, कपाळीं मळवट, गळ्यांत कवड्यांची माळ. तिनें कमरेच्या पिशवींतून चार घड्या घातलेली पन्नासाची नोट काढून कंडक्टरापुढें धरली. तिकीट सतरा रुपयांचें होतें.

"आजी, सुटे द्या."

"मोड न्हाई, लेकरा."

"मग मी तरी कुठून आणूं? सकाळपासून जो तो नोटच काढतोय."

येथून पुढें जें बोलणें झालें तें वाचकांनीं आपल्या अनुभवावरून भरून घ्यावें. तें महाराष्ट्रांतील कोणत्याहि गाडींत थोड्याफार फरकानें सारखेंच असतें. आमची पाळी आली तेव्हां आम्ही काय केलें? दोघांच्या तिकिटांसाठीं शंभराची नोट पुढें केली. हें येथें कबूल केलेलें बरें, नाहीं तर पुढील विवेचन एखाद्या त्रयस्थानें केलें आहे असा गैरसमज व्हावयाचा.

त्या दिवशीं प्रसंग कसा निभावला तें शेवटीं सांगूं. तूर्त आमचें म्हणणें इतकेंच कीं, हा वाद कंडक्टराच्या उर्मटपणांतून निघत नाहीं किंवा उतारूच्या आडमुठेपणांतूनहि निघत नाहीं. निदान धाराशिव जिल्ह्यांत तरी तो फार जुना आहे, आणि तो उत्पन्न करणारे लोक त्या गाडींत कधींच बसलेले नव्हते.

प्रथम शब्दांकडे पाहूं, कारण शब्दांत इतिहास पुष्कळ वेळां ग्रंथांपेक्षां चांगला टिकतो. लहान नाण्यांस आपल्याकडे मोड, खुर्दा, चिल्लर, सुटे अशीं अनेक नांवें आहेत. रुपया मोडला म्हणजे त्याची मोड होते, हें उघडच आहे. खुर्दा हा शब्द फारसींतून आला. तुकडे, चुरा हा त्याचा अर्थ, आणि म्हणूनच रणांगणावर फौजेचाहि खुर्दा उडतो. चिल्लर दक्षिणेकडून, कानडी-तेलुगु मुलुखांतून वर चढली. तीन दिशांचे तीन शब्द ज्या प्रांतांत एकत्र नांदतात त्या प्रांतांतील माणसांच्या खिशांत तीन दिशांचीं नाणीं खुळखुळलीं असलीं पाहिजेत, असा तर्क कुणी केला तर तो चुकीचा ठरणार नाहीं. यांतच 'बट्टा' हा शब्द मिळवावा. एका मुलुखाचें नाणें दुसऱ्या मुलुखांत वटवावयाचें झालें म्हणजे सराफ जी रक्कम कापून घेई ती बट्टा. आज बट्टा माणसाच्या नांवाला लागतो. पूर्वीं तो त्याच्या रुपयाला लागे. आणि म्हातारीच्या गळ्यांतील ती कवडी! तीहि एके काळीं चलनच होती, सर्वांत लहान आणि सर्वांत गरिबाची. बाजारांतून ती केव्हांच हद्दपार झाली. कपर्दिकेचें मोल म्हणजे कांहींच मोल नाहीं, असें आपण म्हणूं लागलों. परंतु तुळजापुरीं भक्तांच्या गळ्यांत ती अद्याप मानानें आहे. टांकसाळींतून निघालेल्या कोणत्याहि नाण्याच्या वांट्यास एवढें भाग्य आलेलें नाहीं.

आतां मुलुखाविषयीं. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत होता. मधलीं १८५३ ते १८६० हीं सात वर्षें मात्र तो इंग्रजांकडे गेला होता. ठगांवरील कादंबरीमुळें प्रसिद्ध झालेला मेडोज टेलर हा त्या काळांत नळदुर्गास कारभार पाहत होता. पुढें जिल्हा निजामाकडे परत आला आणि विसाव्या शतकांत धाराशिवास मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून उस्मानाबाद हें नांव मिळालें, तें २०२३ पर्यंत सरकारदरबारीं चाललें. परंतु राज्याची हद्द कागदावर कितीहि ठळक असली तरी माणसांच्या पायांना ती ठाऊक नसते. धाराशिवकरांचा व्यवहार सोलापूर-बार्शीशीं, आणि सोलापूर-बार्शी इंग्रजी मुलुखांत. बार्शी तालुका तर असा कीं, स्वतः मुंबई इलाख्याचा असून त्याला बहुतेक बाजूंनीं निजामी मुलुखाचा वेढा. १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि तीच १९११ पर्यंत निजामी हद्दींतून लातुरास पोंचली. तिच्या वाटेवर येडशी व तडवळें हीं याच जिल्ह्यांतील गांवें लागत. खुद्द धाराशिव शहरास मात्र रुळांचें दर्शन एकविसाव्या शतकांतच घडलें. तोंवर गाडी धरावयाची तर येडशी गांठावी लागे, आणि बाकीचा सर्व प्रवास मोटारीचा.

या दोन मुलुखांचे रुपये वेगळे होते. इंग्रजी रुपया तो कलदार, म्हणजे कळेनें, यंत्रानें पाडलेला. निजामाचा रुपया तो हाली सिक्का. हाली म्हणजे चालू. त्यावर चारमिनारचें चित्र असे. गंमत अशी कीं दोघांचेहि आणे सोळाच, आणि आण्याच्या पै बाराच. नांवें एक, वजनें निराळीं. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा सरकारी भाव ठरलेला होता. शाळेंतील गणिताच्या पुस्तकास तो शोभेल. परंतु चालत्या मोटारींत तो मांडून पाहावा. एक कलदार आणा म्हणजे चौदा हाली पै, येथवर ठीक. उलट एक हाली आणा म्हणजे मात्र दहा पूर्णांक दोन सप्तमांश कलदार पै! दोन सप्तमांश पै कोणत्याहि टांकसाळींत आजवर पाडली गेलेली नाहीं. समजा, बार्शीहून आलेल्या एखाद्या शेतकऱ्यानें पांच हाली आणे भाड्यासाठीं कलदार अधेली पुढें केली. तिचे हाली नऊ आणे चार पै होतात. म्हणजे त्याला चार आणे चार पै परत मिळावयास पाहिजेत. हा हिशोब धूळ उडणाऱ्या रस्त्यावर, पाठीमागें दहा माणसें खोळंबलीं असतांना, कोण करणार? ज्याच्या हातांत पिशवी आहे तो करणार, आणि त्यांतील अपूर्णांक ज्याच्या हातांत पिशवी नाहीं त्याच्या पदरांतून जाणार. यांत लबाडी असलीच पाहिजे असें नाहीं. अपूर्णांकाला नाणें नसलें म्हणजे तो कोणाच्या तरी अंगावर पडतोच, आणि पाणी जसें उताराकडे तसा तो नेहमीं गरिबाकडे वाहतो.

निजामच्या राज्यांत सरकारी मोटारी जून १९३२ मध्यें सुरू झाल्या. रेल्वेखात्याचीच ती एक शाखा. आरंभीं २७ गाड्या आणि १६६ नोकर एवढाच पसारा. हिंदुस्थानांत सरकारनें स्वतः उतारूंची मोटार चालविण्याच्या अगदीं पहिल्या प्रयत्नांपैकीं हा एक होय, आणि त्याचें श्रेय त्या राज्यास दिलेंच पाहिजे. या उपक्रमाचा जो मराठवाड्यांतील भाग, तोच पुढें फिरत फिरत आजच्या एस. टी.त येऊन मिळाला. सरकारी गाडी आली म्हणजे भाड्याचा दर छापील आला, तिकीट आलें, हिशोब आला. फक्त मोड आली नाहीं.

आणि मग दुसरें महायुद्ध आलें. धातु तोफांकडे जाऊं लागला तशी नाणीं बाजारांतून दिसेनाशीं झालीं. इंग्रज सरकारनें १९४० सालीं रुपयांतील चांदी अर्ध्यावर आणली, एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि गरजेपेक्षां जास्त नाणीं सांठविणें हा गुन्हा ठरविला. गुन्हा ठरविल्यानें नाणीं बाहेर येतात असा सरकारांचा समज सर्व काळीं असतो. १९४३ सालीं तांबें वांचविण्यासाठीं पैशाच्या मधोमध भोंक पाडलें गेलें. तो भोंकाचा पैसा आमच्या पिढीनें आजोबांच्या पेटींत पाहिलेला आहे. टांकसाळी अपुऱ्या पडल्या म्हणून त्याच वर्षीं लाहोरास नवी टांकसाळ उघडावी लागली. काठेवाडांतील जुनागढ, मोरवी, नवानगर अशा संस्थानांनीं तर पुठ्ठ्याचे तुकडे छापून पैसे म्हणून चालविले. जेथें एकच नाणें चालत होतें तेथें ही दशा, मग जेथें दोन चालत होतीं त्या हद्दीवरच्या गांवांची अवस्था काय झाली असेल, तिची कल्पना वाचकांनींच करावी.

परंतु त्याहून कठीण प्रसंग युद्धानंतर आला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं निजामानें भारताशीं जैसे-थे करार केला, आणि त्याची शाई वाळते न वाळते तोंच हैदराबाद सरकारनें वटहुकूम काढून भारतीय चलन आपल्या राज्यांत कायदेशीर राहणार नाहीं असें ठरविलें. राजकारणाच्या इतिहासांत हा वटहुकूम भारत-हैदराबाद तंट्यांतील एक मुद्दा म्हणून एका ओळींत येतो आणि जातो. पण सोलापुराहून तुळजापुरास नवस फेडावयास निघालेल्या माणसाच्या दृष्टीनें त्याचा अर्थ काय झाला? काल बट्टा देऊन कां होईना, पण चालणारा त्याचा रुपया आज हद्द ओलांडतांच नुसता चांदीचा किंवा कागदाचा तुकडा झाला. त्याची भाकरी, त्याचें भाडें, देवीपुढें ठेवावयाची त्याची दक्षिणा, सगळें एका कागदानें अडलें. राज्यें भांडतात तेव्हां पहिला घाव सीमेवरच्या माणसाच्या कनवटीवर बसतो. पुढील वर्षीं १३ सप्टेंबरला पहाटे सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेनें नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरील पूल हस्तगत केला, आणि पांच दिवसांच्या आंत तें राज्यच संपलें. ज्या रस्त्यानें रणगाडे गेले तोच सोलापूर-हैदराबाद रस्ता. मोटारींचाहि आणि नाण्यांचाहि तोच.

राज्य संपलें, परंतु नाणें एका दिवसांत मरत नाहीं. १९५० पासून भारतीय रुपया व हाली रुपया असे दोन्ही कांहीं काळ शेजारीं शेजारीं राहिले. १९५९ पर्यंत हाली पुरता मोडीत निघाला. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि पांच महिने पुरे होतात न होतात तोंच, १ एप्रिल १९५७ रोजीं, सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. उण्यापुऱ्या दहा वर्षांत धाराशिवच्या एकाच माणसाला आधीं हालीचे आणे, मग कलदाराचे आणे आणि मग नवे पैसे, असे तीन हिशोब शिकावे लागले. विलायतेंत दशमान नाण्यांविषयीं शंभर वर्षें चर्चा चालली होती आणि तो बदल तेथें १९७१ सालीं झाला. येथें अक्षरशत्रु शेतकऱ्यानें एका दशकांत तीन परीक्षा दिल्या, आणि त्याला कुणी शाबासकी दिली नाहीं.

नव्या पैशांतहि अपूर्णांकानें पाठ सोडली नव्हती. आण्याचे सव्वासहा पैसे होत. सरकारी कोष्टकाप्रमाणें एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस पैसे धरावयाचे. कोष्टक निर्दोष आहे. परंतु बारकाईनें पाहावें. चार आणे एकदम देणाऱ्याचे पंचवीस पैसे झाले. तेच चार आणे चार खेपांस एकेक करून देणाऱ्याचे मात्र चोवीसच. एक पैसा गेला. आणि आणा आणा करून खर्च करणारा माणूस कोण असतो? ज्याच्यापाशीं चवली-पावली एका वेळीं नसते तोच. आम्ही मघाशीं उताराकडे वाहणाऱ्या पाण्याची गोष्ट बोललों, ती अतिशयोक्ति नव्हती.

हें सर्व जगांत इतरत्र घडलेलें नाहीं असें नव्हे. कार्लो चिपोला नांवाच्या इटालियन इतिहासकारानें लहान नाण्यांचा मोठा प्रश्न म्हणून यावर १९५६ सालींच लिहिलें आहे. मध्ययुगापासून युरोपांतील राजे हौसेनें मोठीं नाणीं पाडीत आणि लहान नाण्यांकडे दुर्लक्ष करीत, कारण मोहोर पाडावयास जितके हात लागतात तितकेच दमडी पाडावयास लागतात, आणि दमडींत राजाला सुटत कांहींच नाहीं. चिपोलाच्याच देशांत १९७५ च्या सुमारास सुट्यांची अशी टंचाई पडली कीं बँकांनीं शंभर-दीडशें लिऱ्यांचे चिमुकले धनादेश छापले, आणि टेलिफोनचे बिल्ले मोड म्हणून हातांत पडूं लागले. अमेरिकेंत वॉशिंग्टन शहरीं १९६८ सालीं दरोडेखोरांनीं एका बसचालकाचा प्राण घेतल्यावर चालकांनीं मोड जवळ बाळगणेंच सोडलें. जास्त पैसे देणाऱ्या उतारूच्या हातीं एक चिठ्ठी पडे, ती कंपनीच्या कचेरींत जाऊन वटवावी लागे. ही चिठ्ठी आपल्या परिचयाची आहे. तिकिटाच्या पाठीवर कंडक्टर शिसपेन्सिलीनें जो आकडा लिहितो ती याच जातीची हुंडी. फरक इतकाच कीं सराफाची हुंडी त्याच्या पेढीवर वटे. आपली हुंडी उतरावयाच्या घाईंत, हातांत लेकरूं व डोईवर ओझें असतांना, कंडक्टराची नजर पकडून वटवावी लागते. कित्येकदां ती वटत नाहीं. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांना तर आपल्यापाशीं हुंडी आहे हेंहि ठाऊक नसतें.

कायद्याचें म्हणणें काय, असें कोणी विचारील. कायदा पैसे देणाराच्या विरुद्ध आहे. नेमकी रक्कम पुढें करणें हें देणाराचें काम; घेणाऱ्यानें मोड पुरविलीच पाहिजे असें बंधन नाहीं; १८११ सालच्या एका इंग्रजी खटल्यापासून हें तत्त्व चालत आलें आहे. म्हणजे कायद्यानें आमची म्हातारी चुकली, आणि अर्थात् आम्हीहि. परंतु कंडक्टर जिंकला असेंहि समजूं नये. संध्याकाळीं हिशोबांत रुपया कमी भरला तर तो त्याच्या पदरचा जातो; आणि वाटेंत तपासणी होऊन पिशवींत तिकिटांच्या हिशोबापेक्षां जास्त रक्कम निघाली, तर तोहि त्याचाच दोष. उतारूचे न दिलेले तीन रुपये त्याच्या पिशवींत राहिले तर ते त्याला फळण्यापेक्षां नडण्याचाच संभव अधिक. दोन गरीब माणसें एकमेकांवर डोळे वटारीत उभीं असतात. टांकसाळ मुंबईंत असते आणि भाडें ठरविणारेहि मुंबईंतच.

अलीकडचा इतिहास वाचकांच्या डोळ्यांसमोरचाच आहे, तो थोडक्यांत आटपूं. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे व त्याखालचीं नाणीं चलनांतून गेलीं; पन्नास पैसे कायद्यानें आहेत, बाजारांत नाहींत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदींत पांचशें-हजाराच्या जुन्या नोटा कांहीं दिवस सरकारी गाड्यांत चालतील अशी सवलत होती, आणि त्यामुळें घरांत अडकलेली प्रत्येक नोट कंडक्टराच्या तोंडापुढें आली. आमच्या भागांतील कित्येक गांवांत दहाचें नाणेंच खोटें आहे अशी आवई उठली; रिझर्व्ह बँकेनें जानेवारी २०१८ मध्यें चौदाहि प्रकारचीं नाणीं खरीं असल्याचा खुलासा केला, तरी दुकानदार मान हलवीत. त्याच वर्षीं एस. टी.नें भाडें पांचाच्या पटींत आणलें: सातास पांच, आठास दहा. सुट्यांच्या तंट्यावर आजवर निघालेल्या तोडग्यांत हा सर्वांत शहाणपणाचा, असें आमचें मत आहे. कारण यांत अपूर्णांक कधीं उतारूस सुटे, कधीं महामंडळास. २५ जानेवारी २०२५ रोजीं १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, भाडें पुन्हां एकेका रुपयानें मोजलें जाऊं लागलें, आणि तंटाहि परत आला. आतां तिकिटाच्या यंत्रावर चौकटीचें चित्र दाखवून फोननें पैसे देतां येतात. ज्यांच्यापाशीं तसा फोन आहे त्यांच्यापुरता हा प्रश्न मिटलाहि असेल. ज्यांच्यापाशीं नाहीं ते कोण, हें पुन्हां सांगावयास नको.

असो. त्या मंगळवारीं काय झालें तें सांगावयाचें राहिलें. म्हातारीचे तेहतीस रुपये परत यावयाचे होते, आणि आमच्या शंभरांतून दोन तिकिटांचे चौतीस वजा जातां सहासष्ट. कंडक्टरानें पिशवी चाळली, क्षणभर छताकडे पाहिलें, आणि आमची नोट आमच्याच हातीं परत देत तो म्हणाला, "तुमचे नि आजींचे मिळून नव्याण्णव होतात. ही घ्या शंभराची, वांटून घ्या दोघांत, आणि मला एक रुपया द्या." आम्हीं खिसे चांचपले, आमच्या स्नेह्यांनीं चांचपले. दोन पदवीधरांपाशीं मिळून एक रुपया निघेना. म्हातारीनें पुन्हां ती पिशवी सोडली, तंबाखूच्या पुडीखालून एक नाणें काढलें आणि कंडक्टराच्या तळहातावर ठेविलें. "घे, देवीला ठिवला हुता," ती म्हणाली.

तुळजापुरास उतरल्यावर आम्ही तिघेंहि स्थानकासमोरच्या चहाच्या दुकानांत गेलों. शंभराची मोड चहा घेतल्याखेरीज कोण देणार? तिनें चहा घेतला, बशींत ओतून, सावकाश. दुकानदारानें मोड दिली. आम्हीं तिच्या हातावर तेहतीस रुपये मोजले, आणि वर तिचा तो एक रुपया. तिनें नोटा पिशवींत टाकल्या, नाणें मात्र मुठींत धरलें, आणि गर्दींतून ती देवळाच्या दिशेनें चालूं लागली.